गाठीचा दोरा

अंकासाठी लेख मागायला आलेल्या आमच्या मंडळाच्या सचिवबाई जाता जाता दारातून म्हणाल्या, "डॉक्टर, जनावरांच्या गमतीजमती लिहा बरं का. रडकं नको, सणाचा अंक आहे." गमती आहेत माझ्याकडे. त्या आधी सांगून टाकते, कारण पुढचं लिहायला लागले की त्या मला आठवणार नाहीत.

मी भिलाईत कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवला. शिकले नागपूरला, लग्न इथल्या स्टील प्लांटमधल्या इंजिनियरशी झालं, आणि पावर हाउस भागातल्या बाजारामागे एक गाळा भाड्यानं घेऊन पाटी लावली. सुरुवातीला लोक आत डोकावून विचारायचे, "यहाँ आदमी का डॉक्टर नहीं बैठता क्या?" मी नाही म्हटलं की माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून निघून जायचे. नंतर हळूहळू लोक कुत्री पाळायला लागले, मग लाडानं पाळायला लागले, आणि मी स्मृति नगरात मोठ्या जागेत आले. आता दवाखाना बंद केला आहे. पाटी अंगणात भिंतीला टेकवून ठेवली आहे, ती काढून टाका असं घरचे अधूनमधून म्हणतात.

माणसांच्या डॉक्टरांना पावसाळ्यात उसंत नसते, मला फाल्गुन आणि चैत्रात नसे. प्लांटनं साऱ्या देशातली माणसं इथं आणून एका रांगेत क्वार्टरं देऊन बसवली, त्यामुळे आमच्याकडे वसंतातले सण संपता संपत नाहीत. होळी, पाडवा, उगादी, रामनवमी, बैसाखी, विशू, मध्येच ईस्टर. प्रत्येक सणाला शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवण, आणि प्रत्येक जेवणात टेबलाखाली बसलेला एक कुत्रा. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. त्याच्या उलटीच्या वासावरून मी घर ओळखत असे. जायफळ आणि तूप असलं तर आपलं मराठी घर, नारळाचं दूध आणि मनुका असल्या तर मल्याळी, मोहरीचं तेल आलं की बंगाली. चारचौघांत सांगावी अशी ही विद्या नाही, पण मला तिचा अभिमान होता.

एका धुळवडीला चार माणसं एका लॅब्राडोरला चादरीच्या झोळीत घालून घेऊन आली. चौघेही रंगानं असे माखलेले की मालक कोण ते विचारावं लागलं. "मॅडम, लकवा मार गया," म्हणून मालक रडत होता. टेबलावर ठेवलं तर कुत्रा वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघून घाबरून मागे मागे सरकत होता, उभं केलं की झुलत होता, आणि उभ्या उभ्या थेंब थेंब लघवी करत होता. मी विचारलं, याला भांग कोणी पाजली? चौघांतला एक फार विचार करून म्हणाला, "मॅडम, उसने खुद पी." कुत्र्याला सलाईन लावलं आणि खोलीतला दिवा मालवून झोपवलं. उठल्यावर तो व्यवस्थित चालत घरी गेला. मालकाला मात्र दोघांनी धरून न्यावं लागलं.

अशा अजून दोनचार आहेत, पण त्या सगळ्या भांगेच्याच आहेत. भांगेतून कुत्रा बहुतेक वेळा वाचतो, म्हणून हसता येतं. बाकी जे आपण सणाला खातो त्यात हसण्यासारखं फार नाही. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मारतात. सगळ्यांच्याच नाही, पण कोणाच्या मारतील हे आधी कळायला मार्ग नाही. कांद्यानं त्याच्या रक्तातल्या पेशी आतल्या आत फुटतात, मग तो कांदा भज्यातला असो की रश्श्यातला. चॉकलेटचं आता पुष्कळांना ठाऊक झालं आहे. तुपात भिजलेली पोळी पोटभर खाल्ली की स्वादुपिंड सुजतं आणि कुत्रा पाठ कमानीसारखी करून कण्हत राहतो. धुळवडीच्या मटणातलं शिजलेलं हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे होतात. हे सांगत सांगत माझे केस पांढरे झाले.

एका होळीमिलनाला मंडळानं मला यावरच बोलायला बोलावलं होतं. मी जीव तोडून बोलले. टाळ्या पडल्या, आभारप्रदर्शन झालं, जेवणं सुरू झाली. मी ताट घेऊन वळले तर आभार मानणाऱ्या बाईच मांडवाच्या कडेला कॉलनीतल्या कुत्र्याला कांद्याचं भजं भरवत होत्या. "घे रे राजा, सण आहे." माझ्याशी नजरानजर झाली तशा हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, एकच." हे 'एकच' मी आयुष्यभर ऐकलं आहे. घरातलं प्रत्येक माणूस एकच देतं, पाहुणेही एकच देतात. त्या दिवसापासून मी भाषणं बंद केली. मारणाऱ्याचा हात धरता येतो, प्रेमानं भरवणाऱ्याचा हात कसा धरायचा हे मला कोणत्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं आणि पुढेही जमलं नाही.

आता गाठीचं सांगते. इकडे आलेल्या आपल्या वैदर्भीय घरांत होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेची गाठी घालतात हे वाचकांना सांगायला नको. पण आमच्या अंकाला आता बाहेरचे वाचकही आहेत, म्हणून सांगते, साखरेची पांढरी-गुलाबी पदकं सुती दोऱ्यात ओवलेली ही माळ असते. होळी जवळ आली की पावर हाउसच्या बाजारात दुकानांपुढे त्या झुबक्यांनी टांगलेल्या दिसतात. ज्याला गाठी घातली ते घरातलं लेकरू. आणि ज्या घरात लेकरं मोठी होऊन परगावी गेली, त्या घरात ती कोणाच्या गळ्यात जाते ते मी दवाखान्यात पाहिलं.

कुसुमकाकू बोरकर अशाच. त्यांचे यजमान वामनराव प्लांटच्या रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. मुलगा पुण्याला, सून हिंदी भाषक, एक नात. आणि काकूंजवळ बिट्टू, पांढरा पॉमेरियन, सतत भुंकणारा आणि खाण्यावर जीव असलेला. काकू त्याला घेऊन आल्या की टेबलावरही त्याच्याशी सलग बोलत असत. सुई टोचताना, ताप बघताना, सारखं चालू. मी एकदा हसले तर म्हणाल्या, "घरात मराठी आयकणारा हा एकच राहिला जी. नातीले समजते पण बोलत नाई. पोरगा फोनवर हिंदीतच बोलते. अन् हे" म्हणून वामनरावांकडे बोट केलं, "हे तर कोनत्याच भाषेत बोलत नाई." वामनरावांनी नुसती मान डोलावली.

बिट्टूला दर होळीला गाठी असे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच काकूंना बसवून समजावलं होतं. साखरेचं एक वेळ चालेल काकू, पण दोरा पोटात गेला तर कुत्रा जातो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच तोड काढली. ओवाळायचं, गाठी घालायची, फोटो काढून पुण्याला पाठवायचा आणि लगेच काढून खुंटीला लावायची. मला दर वर्षी येऊन सांगायच्याही, "काढून ठेवली बरं मॅडम." माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांत एवढं ऐकणारी बाई दुसरी नव्हती. मीही निर्धास्त होते.

एका वर्षी पुण्याहून मुलगा, सून, नात सगळे होळीला आले. कित्येक वर्षांनी आले होते. जवळच्या उतई गावाहून वामनरावांचे भाऊही कुटुंब घेऊन आले. काकूंना आनंद मावेना. पुरण शिजलं, वडे झाले, ओवाळणं झालं, नातीच्या गळ्यात गाठी, बिट्टूच्या गळ्यात गाठी, फोटो निघाले. आणि त्या गर्दीत बिट्टूच्या गळ्यातली गाठी काढायची राहिली. काकूंना वाटलं सुनेनं काढली, सुनेला वाटलं काकूंनी काढली. बिट्टूनं ती कधी चावून तोडली, पदकांसकट दोरा कधी गिळला, कोणी पाहिलं नाही. गाठी दिसत नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सगळे एकमेकांशी बोलण्यात गुंतले होते. एरवी त्या घरात बिट्टूनं शिंक दिली तरी काकूंना कळायचं.

दुसऱ्या दिवशी रंग. बिट्टू ओकला. सणात सगळ्यांचीच पोटं बिघडतात, पुरण बाधलं असेल म्हणून त्याला ओवा दिला. तो ओकतच राहिला तेव्हा वामनरावांनी त्याला एरंडेल पाजलं. त्यांच्या गावाकडे बैलाला पाजतात, माणसाला पाजतात, कुत्र्याला का नको? त्याच्या पुढच्या दिवशी बिट्टूच्या मागून दोऱ्याचं टोक लोंबताना त्यांना दिसलं. आयुष्यभर हातानं काम केलेला माणूस. अडकलेली वस्तू ओढून काढावी एवढंच त्यांना सुचलं. थोडा दोरा आला, बिट्टू किंचाळला, आणि दोरा तुटला. मग ते माझ्याकडे आले.

पोटात दोरा म्हणजे नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगते. दोऱ्याचं एक टोक वर जठराच्या तोंडाशी अडकून बसतं आणि बाकीचा दोरा खाली आतड्यात उतरतो. आतड्याचं काम पुढे ढकलायचं, ते ढकलत राहतं. दोरा हलत नाही, मग आतडंच त्या दोऱ्यावर चढत जातं, नाडीवर पायजम्याच्या चुण्या पडाव्या तसं. ताणलेला दोरा आतून आतड्याला कापतो. एरंडेलानं ते ढकलणं अजून जोरात होतं. आणि खालून ओढलं तर काय होतं ते लिहीत नाही. दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, एवढं एक वाक्य जरी या लेखातलं कोणी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. ठेवतील असं मला वाटत नाही.

टेबलावर बिट्टूचं पोट चाचपलं आणि हाताला ती चुण्यांची गाठ लागली. मी विचारलं, गाठी घातली होती का? त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं बायकोकडे पाहिलं. मग काकू म्हणाल्या, "मी काढली नाई. मले वाटलं हिनं काढली." सून रडायला लागली. काकूंनीच तिला जवळ घेतलं. "तू कावून रडतं? तुले काय मालूम होतं? मले मालूम होतं."

मी पोट उघडलं. आतडं जागोजागी कापलं गेलं होतं. जिथं शिवता आलं तिथं शिवलं, एक तुकडा काढून टाकून दोन टोकं जोडली, पोट धुऊन बंद केलं. त्या कामात मी वाईट नव्हते, हे इथं लिहिलं तर कोणी रागावू नये. हात थांबले नाहीत, काही सुटलं नाही. बाहेर आले तर वामनराव एकटेच उभे होते. ते पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलले. "मॅडम, मी वढलं नसतं तर?"

"सांगता येत नाही काका." हे खरंच होतं. ओढण्याच्या आधीही आतडं कापलं गेलंच होतं, किती ते कोण सांगणार?

"आमच्या बाईले सांगू नका," ते म्हणाले. मी सांगितलं नाही. आता ते दोघंही नाहीत, म्हणून इथं लिहिते.

मुलाची परतीची गाडी होती, सुट्टी संपली होती. जाताना तो दवाखान्यात येऊन गेला. भला मुलगा होता, हवालदिल झाला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, अगर कुछ हो गया तो मम्मी को बोलना, हम दूसरा ले आएँगे. बिलकुल ऐसा ही." मला इतका राग आला की मी पाठ फिरवून बिट्टूचं सलाईन बघायला गेले. आता वाटतं, त्याच्याजवळ दुसरं देण्यासारखं काय होतं? आई ज्या भाषेत एकटी पडली होती ती भाषा त्यानं केव्हाच सोडली होती, आणि ते त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

काकू सकाळी दवाखाना उघडताना येत आणि बंद करताना जात. बिट्टूच्या पिंजऱ्यापाशी पाटावर बसून त्याच्याशी बोलत. सुनेनं जाताना पाय धरले, वामनरावांच्या भावानं उतईला जाऊन नवस बोलला आहे, समोरच्या घरी कोणी पाहुणा आला आहे, तो कसा मोठ्यानं बोलतो. बिट्टू शेपटी हलवायचा. शस्त्रक्रियेनंतर तोंडानं काही द्यायचं नव्हतं, शिवलेल्या आतड्याला विश्रांती हवी होती. काकूंना हे समजत होतं, पण सोसत नव्हतं. "मॅडम, भुका आहे तो. माह्याकडे पाहून राह्यला." मी नाही म्हणायची. "दोन चमचे वरणाचं पाणी?" नाही काकू. "नुसतं बोट दुधात बुडवून?" नाही. त्या मान हलवून पुन्हा बोलायला लागत. डबा मात्र रोज बरोबर आणत, आणि रोज तसाच परत नेत.

असं सगळं होऊनही लोक शिकले असतील असं कोणाला वाटत असेल तर सांगते, त्यानंतर मी दवाखाना बंद करेपर्यंत गाठी गिळलेलं एखादं तरी जनावर दर होळीला येत राहिलं. एका घरातून तर बोरकरांची हकीगत ऐकून माहीत असलेली माणसं आली. "मॅडम, आम्ही लक्ष ठेवलं होतं," असं म्हणाली. काकूंनीही लक्ष ठेवलं होतंच की, तेही वर्षानुवर्षं. लक्ष एकदाच चुकतं. मला या कामातून आलेलं शहाणपण एवढंच आहे आणि त्याचा कोणाला काही उपयोग नाही.

बिट्टूच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या आधी पोचले. बिट्टूचं पोट फुगलं होतं, हिरड्या मातकट झाल्या होत्या. सुई घालून पाहिलं तर आत पू साचला होता. शिवलेल्यापैकी एक जागा सुटली होती, कदाचित जास्त. पुन्हा उघडायचं म्हटलं तर त्या जिवात भूल सोसायचीही ताकद नव्हती. मी हात धुतले आणि काकूंना हे कसं सांगायचं याचा विचार करत खुर्चीत बसले. अशा वेळी बोलायची वाक्यं प्रत्येक डॉक्टरजवळ असतात, माझ्याकडेही होती. मी ती मनात एकापुढे एक लावून पाहिली.

काकू आल्या. नेहमीसारखा पाट ओढला, बसल्या, डबा मांडीवर ठेवला. "काय रे बाबू, झोप लागली का?" बिट्टूनं डोळे उघडले, शेपटीचं टोक हललं. त्यांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं की नाही मला माहीत नाही. जरा वेळानं त्यांनी रोजचं तेच विचारलं. विचारताना त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं, डब्याचं झाकण तेवढं सैल करत होत्या, कारण उत्तर त्यांना पाठ होतं.

"मॅडम, आज तरी काई देऊ का याले?"

मी खुर्चीतून उठून पिंजऱ्यापाशी गेले.

"द्या, काकू," मी म्हणाले.

झाकणावरचा त्यांचा हात थांबला. "काय देऊ?"

"त्याला आवडेल ते."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी डबा बाजूला ठेवला, बिट्टूला पिंजऱ्यातून अलगद उचलून मांडीवर घेतलं, आणि त्याच्याशी बोलायच्या थांबल्या.